रेटिंग नऊचं की सहाचं? फेअरफॅक्स काउंटीत मिडल स्कूल बघताना

नमस्कार. तुमचा प्रश्न मी असा समजले: उन्हाळ्यात न्यू जर्सीहून व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत, हर्नडनला येताय, मुलगी सातवीत जाईल आणि दोन घरं आवडली आहेत. एका घराची मिडल स्कूल वेबसाइटवर दहापैकी नऊ, दुसऱ्याची सहा. नऊवाल्या घरासाठी बरेच जास्त पैसे मोजावे लागतील, ते मोजावेत का? माझी दोन्ही मुलं याच काउंटीत शिकली, थोरला नावाजलेल्या शाळेत आणि धाकटी बेताच्या रेटिंगच्या. त्यामुळे स्पष्टच सांगते: फक्त त्या आकड्यासाठी घर घेऊ नका.

न्यू जर्सीतून येणाऱ्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे इथली मिडल स्कूल बहुतेक ठिकाणी दोनच वर्षांची असते, सातवी आणि आठवी. ग्लासगो, होम्स, पो अशा मोजक्या शाळा सहावीपासून सुरू होतात, तर रॉबिन्सन, लेक ब्रॅडक आणि हेफील्ड सातवी ते बारावी एकाच छताखाली आहेत. शेजारच्या लाउडनमध्ये मात्र सगळीकडे सहावी ते आठवी. म्हणजे तुमच्या मुलीची ही शाळा दोन वर्षांची आणि पुढचं हायस्कूल चार वर्षांचं. पत्ता टाकून आधी पूर्ण पिरॅमिड बघा: कुठली मिडल, तिथून कुठलं हायस्कूल. काही मिडल स्कुलांतली मुलं पुढे वेगवेगळ्या हायस्कुलांत विभागली जातात. माझ्या थोरल्याचे जिवाभावाचे मित्र नववीत असेच पांगले, आणि ते वर्ष त्याला फार जड गेलं. हायस्कूलमध्ये एपी आहे की आयबी (हे दोन वेगवेगळे प्रगत अभ्यासक्रम), तेही आत्ताच विचारा. साउथ लेक्स, मार्शल, रॉबिन्सन हे आयबीवाले.

आता रेटिंग. त्यात परीक्षेच्या गुणांना मोठं वजन असतं आणि ते गुण आईवडिलांच्या उत्पन्नाशी, शिक्षणाशी घट्ट बांधलेले असतात. ज्या शाळेत नुकतीच या देशात आलेली, इंग्रजी शिकत असलेली मुलं पुष्कळ, तिची सरासरी खाली येते. त्यावरून शिक्षक कसे शिकवतात ते कळत नाही. राज्याच्या शिक्षण खात्याच्या स्कूल क्वालिटी प्रोफाइलमध्ये एसओएल या राज्याच्या परीक्षेचे निकाल मुलांच्या गटांप्रमाणे मिळतात. तुमच्या मुलीसारख्या मुलांचे निकाल दोन्ही शाळांत ताडून बघा. मी धाकटीच्या वेळी बघितले होते. रेटिंगमध्ये दिसणारं अंतर तिथे खूपच कमी झालं होतं.

टीजेचा, म्हणजे निवडून प्रवेश देणाऱ्या थॉमस जेफरसन या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी हायस्कूलचा विषय निघणारच. पूर्वी तिथली बरीच मुलं कार्सन, लॉंगफेलो, रॉकी रन अशा थोड्या शाळांतून जायची आणि त्यासाठी लोक घरं बदलायचे. २०२० मध्ये स्कूल बोर्डाने प्रवेशपरीक्षा आणि शंभर डॉलर फी काढून टाकली आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला तिच्या आठवीच्या पटाच्या १.५ टक्के इतक्या जागा राखल्या. आठवीत ६०० मुलं असली तर ९ जागा, उरलेल्या सगळ्यांसाठी खुल्या. प्रकरण कोर्टात गेलं, २०२३ मध्ये अपील कोर्टाने धोरण उचलून धरलं आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते ऐकायला नकार दिला. थोडक्यात, ज्या शाळेतून ढिगाने अर्ज जातात तिथे त्या राखीव जागांसाठी चुरस जास्त. टीजेसाठी नऊवाली शाळा हवी, हे गणित आता उलटं पडू शकतं.

गणितावरून आठवलं. टीजेच्या अर्जाला आठवीपर्यंत अल्जिब्रा १ लागतं, ते सातवीतच व्हावं असा नियम नाही. सातवीत घ्यायचं तर सहावीतच पात्रता चाचणी असते, म्हणून नाव नोंदवताना बाहेरून येणाऱ्यांसाठी काय सोय आहे ते पहिल्याच दिवशी विचारा. आणि हे नीट ऐका: अल्जिब्रा १ किंवा स्पॅनिश १ मिडल स्कूलमध्ये घेतलं, तरी ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर चढते. ग्रेड कमी आली तर पालक लेखी अर्ज करून ती काढून घेऊ शकतात, पण क्रेडिटही जातं. आम्हाला हे शाळेतून कुणी सांगितलं नव्हतं. मुदत टळल्यावर समजलं, आणि ती ‘बी’ ग्रेड अजूनही थोरल्याच्या ट्रान्सक्रिप्टवर आहे.

ऑनर्सची, म्हणजे जरा वरच्या पातळीच्या वर्गांची, फार चिंता नको. मुख्य विषयांचे ऑनर्स वर्ग सगळ्यांना खुले असतात, मुलीला हवे तर निवडायचे. एएपीचं, म्हणजे निवडक मुलांसाठीच्या प्रगत अभ्यासक्रमाचं, केंद्र कुठे आहे तेवढं बघा.

रोजचं जगणं मात्र तपासाच. आमच्या वेळी शाळा साडेसातला भरायची. जानेवारीत मिट्ट काळोखात मुलगी बसस्टॉपवर उभी असायची आणि मी गाडीचे दिवे लावून शेजारी. बस किती वाजता येते, किती वेळ लागतो, शाळेनंतरचे क्लब झाल्यावर उशिराची बस कोणत्या दिवशी मिळते, हे विचारा. काउंटीच्या मिडल स्कुलांतल्या शाळेनंतरच्या कार्यक्रमाचीही चौकशी करा. धाकटीला मैत्रिणी मिळाल्या त्या तिथेच.

हद्दीही कायमच्या नसतात. २०२४ मध्ये काउंटीने सगळ्या हद्दींचा फेरआढावा सुरू केला. एजंटच्या शब्दावर जाऊ नका, काउंटीच्या बाउंडरी लोकेटरवर पत्ता आजच्या तारखेला टाकून बघा.

तुमच्या जागी मी असते तर आधी भाड्याने राहिले असते. भाडेकरारावरही शाळेत नाव घालता येतं. जूनमध्ये दोन्ही शाळांना फोन करून काउन्सेलरची वेळ मागा आणि मुलीला सोबत न्या. माझी धाकटी बॅंड रूमच्या दारात दहा मिनिटं उभी राहिली होती, आमचा निर्णय तिथेच झाला. पत्ते कळवलेत तर दोन्ही पिरॅमिड मी बघून सांगते.