एअर सस्पेन्शन बसतंय? कॉम्प्रेसर लगेच बदलू नका
एअर सस्पेन्शनमध्ये गाडी पोलादी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी एअर स्प्रिंगवर तोललेली असते. अशी रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, की गॅरेजवाला आधी कॉम्प्रेसर (हवा भरणारा पंप) बदला म्हणेल. थांबा. बहुतेकदा गळती दुसरीकडेच असते आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो. एअर स्प्रिंगच्या रबरी घड्यांवर, पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे दिसतील. त्यासाठी खाली शिरायचं तर स्टँड लावूनच. नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली मुळीच नाही. बॅटरीही तपासा, व्होल्टेज कमी झालं की या गाड्या डॅशबोर्डवर वाट्टेल ते इशाऱ्याचे दिवे लावतात.

हायवेला गाडी भरकटते त्यात हवेचा दोष नसेलही. कंट्रोल आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश बघा. चाकांची अलाइनमेंट मात्र गाडी नेहमीच्या उंचीवर असतानाच करून घ्या.