‘हसल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कुठून?

‘हसल’ म्हणजे धावपळ, धडपड. सतराव्या शतकात तो डच भाषेतून इंग्रजीत आला. मूळ अर्थ हलवणे, खुळखुळवणे. इंग्लंडमध्ये टोपीत नाणी खुळखुळवून छापा-काट्यावर पैसे लावायचा एक जुगार होता, त्याचं नावच ‘हसल-कॅप’. पुढे अर्थ धक्काबुक्कीकडे सरकला, आणि गर्दीत मुद्दाम धक्का देऊन खिसा मारणारे ‘हसलर’ ठरले. झपाट्याने काम करणे हा चांगला अर्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुजला. तरी फसवणुकीची छटा टिकलीच: ‘पूल’ या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या टेबलावर आधी मुद्दाम कच्चं खेळून, पैज वाढली की समोरच्याला लुटणारा आजही ‘हसलर’च. त्यामुळे नोकरी सांभाळून केलेल्या जोडधंद्याला ‘साइड हसल’ खुशाल म्हणा. कष्टाळू माणसाला ‘हसलर’ म्हणताना मात्र संदर्भ बघा.