मेळाव्यातल्या काकांचे गुडघे बघून घाबरलेल्या मित्राला

तू लिहिलंस की वय तेवीस, सिव्हिअर हिमोफिलिया ए (रक्त गोठवणारं फॅक्टर आठ हे प्रथिन जवळजवळ नाहीच), नोकरीसाठी पुण्यात पीजीवर राहतोस. पेशंटच्या मेळाव्याला एकदा गेलास आणि ताठरलेल्या गुडघ्यांची काकामंडळी बघून उलट खचूनच आलास. आता पुन्हा जाऊ की नको?

जा. मी त्याच काकांपैकी एक, उजवा गुडघा जेमतेम अर्धा वाकतो. पण तो तुझा उद्या नव्हे. आमच्या लहानपणी फॅक्टरचं इंजेक्शन म्हणजे दुर्मिळ चीज. सांध्यात रक्त भरलं की बर्फ, प्लाझ्मा नाहीतर क्रायो (प्लाझ्मातून काढलेला, फॅक्टर असलेला भाग) आणि मग अंथरूण. त्याच दिवसांत, १९८३ साली, हिमोफिलिया फेडरेशन (इंडिया) ही पेशंटची संघटना उभी राहिली, आणि ती उभारणारे अशोक वर्मा स्वतः हिमोफिलियाचेच होते. तुझ्या पिढीला प्रोफायलॅक्सिस आहे, कातडीखाली घ्यायचं एमिसिझुमॅबचं इंजेक्शन आहे. सांध्यात रक्त साचायच्या आधीच उपचार, हा फरक लहान नाही.

मात्र आम्हा काकांवर भागवू नकोस. युथ ग्रुपचं कोण बघतं ते विचार आणि तुझ्याच वयाचे दोघे-तिघे गाठ. ओपीडीत ज्याला वेळ नसतो ते त्यांच्याकडे मिळतं. पीजीच्या सामायिक फ्रिजमध्ये फॅक्टर कुठे ठेवायचा? दारात नको, मागच्या भिंतीला चिकटून तर नकोच, गोठला की वाया. झाकणाच्या डब्यात, वर ठळक नाव. रूममेटला सुया दिसायच्या आधीच सांगून टाकायचं, नाहीतर त्याच्या डोक्यात भलतंच येतं. आणि स्थळं यायला लागली की काय बोलायचं, हेही. (बायको वाहक, म्हणजे आजाराचं जनुक बाळगणारी, नसेल तर मुलगे सुटतात, मुली मात्र सगळ्या वाहक. हे निम्म्या नातेवाइकांना माहीतच नसतं.)

एका बाबतीत मी कडक आहे: डोस ग्रुपवर विचारायचा नाही. इन्हिबिटर (फॅक्टर निकामी करणारी अँटिबॉडी) असलेल्याचं गणितच वेगळं असतं. दुखण्यावर कुणी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक सुचवलं तर सरळ दुर्लक्ष कर, रक्तस्राव वाढतो.

ऑफिसचं विचारलंस. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया आहे, पण नोकरीतल्या आरक्षणाच्या यादीत रक्तविकार नाहीत. सांध्याचं अपंगत्व असेल तर ते वेगळं मोजतात. प्रमाणपत्र नुकतंच काढलेला कुणीतरी पोरगा मेळाव्यात भेटेलच. कुठली कागदपत्रं आणि कुठल्या खिडकीवर, हे तोच नीट सांगेल.