वखारीतलं प्रदर्शन आणि आपलं चित्र

प्रश्न : बाई, आम्ही निपाणीचे पाच चित्रकार. तंबाखूची एक रिकामी वखार मित्राच्या वडिलांनी आठवडाभरासाठी देऊ केलीय. चित्रं निवडण्यापासून टांगण्यापर्यंत सगळं माझ्यावर आलंय. पण चित्रं मीही काढतो. माझी लावली तर ‘परीक्षक हाच आणि पहिला नंबरही ह्याचाच’ असं लोक म्हणतील का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : म्हणतील की. तरी लाव. (शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म गेला, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.)

१९८८ साली लंडनच्या गोदी भागातल्या एका रिकाम्या इमारतीत डेमियन हर्स्ट या इंग्रज चित्रकारानं ‘फ्रीझ’ नावाचं प्रदर्शन भरवलं. तेव्हा तो अजून गोल्डस्मिथ्स कॉलेजात शिकत होता. सोबत्यांची कामं मांडली आणि त्यांत स्वतःचंही. कोचीचं बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायचं मोठं कलाप्रदर्शन, २०१२ मध्ये सुरू केलं तेही बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन कलाकारांनीच. तेव्हा त्याची मुख्य जागा होती अ‍ॅस्पिनवॉल हाऊस, म्हणजे जुन्या व्यापारी कंपनीचं आवार. मिरी, आलं, हळद असल्या मालाचा व्यापार करणारी कंपनी. तेव्हा वखारीची लाज नको.

खरी भानगड चित्र लावण्यात नसते, ते कुठे लावतोस त्यात असते. बेळगावात एका मंगल कार्यालयात मी पहिल्यांदा प्रदर्शन मांडलं तेव्हा माझं चार फुटी तैलचित्र थेट दारासमोर टांगलं. मनात काही पाप नव्हतं, एवढं मोठं चित्र दुसरीकडे मावेना. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. एका मित्राची तीन छोटी जलरंगातली चित्रं मात्र हात धुवायच्या बेसिनच्या वाटेवर गेली. दुसऱ्या दिवशी तो आला, काही न बोलता तिन्ही उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सायकलला लावून निघून गेला. भिंतीवर तीन खिळे उरले. शेवटच्या दिवसापर्यंत येणारा-जाणारा विचारायचा, इथे काय होतं हो?

तेव्हापासून माझी रीत ठरली. दारासमोरची भिंत दुसऱ्याला. बाकीच्यांची चित्रं भिंतीला टेकवून ठेवायची, दिवसभर हलवायची, कोण कुणाशेजारी बोलतंय ते बघायचं. आपलं चित्र सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत. जागा उरली नाही तर चित्र घरी. आणि तुझं कुठलं घ्यायचं ते तू ठरवू नकोस, बाकीच्या चौघांना ठरवू दे. ते तुझं लाडकं चित्र बाजूला काढतील, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ इंचांवर ठेव, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर येतो. वखारीची भिंत ओबडधोबड असेल तर खिळ्याच्या नादी न लागता वाशाला तार बांधून सोड. पाट्या मराठीत आणि कानडीतही कर, पण कानडी मजकूर कानडी माणसाकडून तपासून घे. मी आगाऊपणानं ‘तैलरंग’ तसंच कानडी लिपीत उतरवलं होतं. शेजारच्या अक्कांनी पाटी वाचली, हसल्या आणि म्हणाल्या, आमच्यात ‘तैलवर्ण’ म्हणतात.

आणि वखार चार दिवस आधी झाडून, दारं सताड उघडी टाक. तंबाखूची पूड कागदावर बसली की निघत नाही. उद्घाटनाला बोलावलंस तर येईन, झाडलोटीच्या दिवशी मात्र नको, मला दमा आहे.