दोन महायुद्धांमधल्या ब्रिटिश लिनोकटमध्ये काळी बाह्यरेषा का नसते?

तुम्ही विचारलंय की लंडनच्या ग्रोव्हनर स्कूल या कलाशाळेच्या लिनोकटमध्ये (म्हणजे लिनोलियम कोरून त्यावरून छापलेल्या चित्रांत) काळी रेषा नसूनही आकार इतके ठसठशीत कसे दिसतात, आणि तुमचे चाररंगी प्रिंट मात्र रंग भरलेल्या चित्रपुस्तकासारखे का वाटतात. मीही बरीच वर्षं नेमकी इथेच अडले होते.

त्यांच्याकडे ‘की ब्लॉक’, म्हणजे बाह्यरेषा छापणारा मुख्य ठसा, नव्हताच. आपण आधी काळ्या रेषेचा ब्लॉक कोरतो आणि बाकीचे रंग त्या रेषेच्या आत बसवतो. या शाळेत लिनोकट शिकवणाऱ्या क्लॉड फ्लाइट यांनी ही सवयच मोडून काढली. इयान मॅकनॅब यांनी 1925 मध्ये पिम्लिको भागात ही शाळा काढली. प्रवेशपरीक्षा नाही, ठरावीक अभ्यासक्रम नाही. फ्लाइट तिथे 1926 ते 1930 लिनोकट शिकवत. तीन-चार ब्लॉक, प्रत्येकाचा एक रंग, आणि सगळ्यांचा भार सारखा. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा मिळतो, त्यावर लाल आला की गडद तपकिरी. म्हणजे तीन ब्लॉकांतून सहा-सात छटा निघतात. गडद भाग वेगळा छापलेला नसतो, तो थरांतून तयार होतो. आकाराची कड म्हणजे एक रंग संपून दुसरा सुरू होतो ती जागा.

याच शाळेतल्या सिरिल पॉवर यांचं ‘द एट’ हे लिनोकट नीट बघा. वल्हवणाऱ्यांची होडी वरून पाहिलेली आहे. पाठीचा एकच वाक पुन्हा पुन्हा येतो आणि नजर त्याच्यासोबत पुढे सरकते. तिथे प्रत्येक पाठीभोवती रेषा काढली असती तर ती माणसं जागच्या जागी थिजली असती. फ्लाइट यांच्या 1922 च्या ‘स्पीड’मध्ये लाल बस धावते आणि तिच्यासोबत इमारतीही वाकतात. वेगाचं हे वेड इटलीच्या फ्यूचरिस्टांकडून, म्हणजे यंत्र आणि गती यांचा गौरव करणाऱ्या चित्रकारांकडून आलं. पण मला विचाराल तर फ्लाइट यांच्या विद्यार्थिनी सिबिल अँड्र्यूज गुरूच्याही पुढे गेल्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी विमानांच्या कारखान्यात वेल्डिंग केलं होतं. त्यांच्या ‘स्लेजहॅमर्स’मध्ये (1933) घणाचं वजन खांद्यांत उतरलेलं दिसतं. अंग कुठे पिळवटतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

छपाईची पद्धतही समजून घ्या, कारण तुमचा निर्जीवपणा बहुधा तिथूनच येतोय. ते प्रेस वापरत नसत. शाई लावलेल्या ब्लॉकवर पातळ जपानी कागद ठेवायचा आणि पाठीमागून हाताने, चमच्याने घासायचं. कागद इतका पातळ की रंग पाठीवर उमटताना दिसतो, त्यामुळे कुठे जोर द्यायचा, कुठे हलकं घासायचं हे हाताला कळतं. तुम्ही कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद आणि अपारदर्शक शाई वापरत असाल तर खालचा रंग वर येणारच नाही. शाईत पारदर्शक माध्यम मिसळा आणि थर पातळ ठेवा.

साधनांची काळजी करू नका. फ्लाइट यांनी तर छत्रीच्या काडीला धार लावून गाऊज, म्हणजे कोरायचं हत्यार, करायला शिकवलं. लिनो म्हणजे जमिनीवर अंथरायचं स्वस्त सामान, म्हणूनच ते त्यांना आवडलं. बिअरच्या एका ग्लासाच्या किंवा सिनेमाच्या तिकिटाच्या किमतीत सामान्य माणसाला चित्र घेता यावं, अशी त्यांची इच्छा होती. हाताने घासून काढलेल्या प्रतींना ती किंमत परवडली नाही, पण ही इच्छा मला आजही खरी वाटते.

पुढच्या वेळी काळा ब्लॉक बाजूला ठेवा. एकच रेखाटन ट्रेस करून तिन्ही ब्लॉकांवर उतरवा आणि कोरण्याआधी ट्रेसिंग पेपरचे तीन रंगीत तुकडे एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरा. कुठला थर कुठे हवा, ते तिथेच दिसेल. लिनो कडक वाटला तर थोडा वेळ उन्हात ठेवा, मग गाऊज सहज चालतो.