सिडनीची पहिली भाषाशिक्षिका

प्रश्न : इंग्रज सिडनीत उतरले, तेव्हा त्यांना तिथली भाषा शिकवली कोणी?

उत्तर : शिकवणारे बरेच होते, पण माझ्या लेखी पहिला मान पट्येगरांगचा. ही आदिवासी मुलगी जेमतेम किशोरवयीन; विद्यार्थी लेफ्टनंट विल्यम डॉज, वसाहतीचा खगोलनिरीक्षक. १७९०-९१ च्या सुमारास दोघांचं बोलणं तो वहीत उतरवून घेई. क्रियापदांची रूपं आहेतच, पण एक नोंद वाचाच. तुमचे लोक का रागावलेत, असं त्यानं विचारलं. गोरे इथं येऊन राहिले म्हणून, ती म्हणाली. आणि घाबरतात कशाला? बंदुकांना. पोरीनं आडपडदा ठेवला नाही! १७९१ च्या अखेरीस डॉज मायदेशी निघाला. वह्या आता लंडनच्या सोआस ग्रंथालयात आहेत. ती भाषा नव्यानं शिकणारे त्यांचाच आधार घेतात.