पणजोबा सिन्नरकडून आले, पुढचं कुठे शोधायचं?

प्रश्न : ताई, आमचे पणजोबा दुष्काळात सिन्नरकडून बैलगाडीने निफाड तालुक्यात आले, गावात आमच्या आडनावाचं पहिलं घर आमचंच. आधी दुसऱ्याच्या मळ्यात सालाने राहिले, मग स्वतःची जमीन झाली, एवढंच माहितीये. वडील गेले, आता 86 वर्षांच्या आत्या तेवढ्या आहेत. पोरांसाठी सगळं लिहून ठेवायचंय, कागद कुठे मिळतील? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दादा, कागद पळून जात नाहीत, पहिले आत्याबाईंकडे जा, याच रविवारी जा. त्यांना सन विचारू नका, असं विचारा की आपलं घर आधी आलं का पाटाला पाणी आधी आलं. दारणा धरण 1916 ला पूर्ण झालं, तिथलं पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या पाटाला जातं, आणि कोरडवाहू भागातली माणसं त्या पाण्यामागे सरकली, कोपरगावकडे तर पार सासवडचे माळी बागायत करायला आले. म्हणजे पाटाची आठवण सापडली की काळ आपोआप सापडतो.

मग तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करा. जुन्या सातबाऱ्यावर नावाजवळ गोलात आकडे असतात ना, ते फेरफार नंबर, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे नंबर, ते एकेक करून मागे मागे काढत जायचे. जमीन कशी आली ते तिथेच कळतं, खरेदी का वारस का कुळ म्हणून. कूळ कायद्यातल्या 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर कसणाऱ्या कुळांच्या नावावर जमिनी झाल्या, तुमच्या पणजोबांची तशी असेल तर त्या कायद्याच्या कलम 32-ग ची नोंद दिसेल. फार जुनं मोडी लिपीत असतं, मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या, अंदाजाने वाचू नका.

आणि एक गोष्ट माझ्यासाठी नक्की बघा. वारस नोंदीत कुठे 'अ.पा.क. आई' लिहिलंय का. अज्ञान पालनकर्ती, म्हणजे वयात न आलेल्या वारसांचं पालन करणारी. माझ्या पणजीचं नाव मला अख्ख्या दप्तरात या तीन अक्षरांपुढे एकदाच सापडलं, नवरा गेल्यावर तिने दोन लहान पोरं घेऊन ती जमीन राखली होती आणि घरात कुणी कधी बोललं नव्हतं, मी तिथल्या बाकावर बसून रडले. सगळे पणजोबाच शोधतात हो, गाडीत पणजीपण होती ना!

जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14. त्र्यंबकला तुमच्या घराण्याच्या उपाध्यांची, म्हणजे तीर्थपुरोहितांची, वंशावळीची वहीपण बघा, पण तिथे निफाडचं गाव सांगून भागणार नाही, सिन्नरकडचं मूळ गाव लागेल, आणि ते आत्याबाईंशिवाय कोण सांगणार?

फेरफाराची नक्कल मिळाली की परत त्यांच्याकडे जा, मोठ्याने वाचून दाखवा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, एकेका नावावर त्या थांबतील, मधे बोलू नका.